बोटभर खिडकीची कुळकथा

उसाचा हंगाम लागला की बारामती-इंदापूर रस्त्यावर ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. त्यावर वाजणारी गाणी आता पेनड्राइव्हवर असतात. मी मात्र ती पहिल्यांदा 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी लावलेल्या दुकानात, एका जुनाट संगणकावर ऐकली. पडद्याच्या कोपऱ्यात 275 बाय 116 ठिपक्यांची काळपट खिडकी आणि त्यात सरकणारे हिरवे आकडे. दुकानदार माउसला हातसुद्धा लावत नसे. एक्स दाबला की गाणं सुरू, सी दाबला की थांबलं, बी दाबला की पुढचं. गिऱ्हाइकाने मान डोलावली की ते गाणं मेमरी कार्डात. तुकोबांची पालखी सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरकडे निघाली की मागणी फक्त अभंगांची.

एमपी3 गाणी वाजवणाऱ्या त्या खिडकीचं नाव विनॲम्प. पाच मिनिटांचं गाणं सीडीवर 50 एमबी जागा खातं, तेच एमपी3 मध्ये 5 एमबीच्या आत बसतं. पण दाबून बसवलेलं गाणं वाजता वाजता उलगडावं लागतं आणि त्यात तेव्हाच्या संगणकांचा जीव जाई. हे काम नेटकं करणारा 'ॲम्प' नावाचा प्रोग्राम क्रोएशियाच्या टोमिस्लाव उझेलात्स यांनी लिहिला. एप्रिल 1997 मध्ये जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्डिरेव यांनी तो विंडोजवर आणला. विंडोजचा 'विन' आणि हा 'ॲम्प', असं ते नाव जुळलं. फ्रँकेल तेव्हा विशीतही नव्हता. सुरुवातीचा विनॲम्प एका फ्लॉपीत मावायचा.

1999 मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने फ्रँकेलची कंपनी विकत घेतली. 2002 मध्ये आलेली तिसरी आवृत्ती इतकी जड निघाली की लोक मुकाट्याने दुसऱ्या आवृत्तीकडे परतले. माझ्या मते विनॲम्पची खरी आवृत्ती दुसरीच.

वंश मात्र दुसऱ्या घरी वाढला. 1997 मध्येच विनॲम्पच्या धर्तीवर लिनक्स या विंडोजला पर्यायी प्रणालीसाठी एक्स11ॲम्प निघाला, त्याचा पुढे एक्सएमएमएस झाला. त्याच्यातून बीप मीडिया प्लेयर आणि 2005 मध्ये त्यातून ऑडेशस. हा फुकट मिळतो आणि थकलेल्या संगणकावरही तक्रार न करता चालतो.

तेव्हा माळ्यावरचा जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी एकदा त्यावर हलकं लिनक्स आणि ऑडेशस घालून बघा. सेटिंगमध्ये विनॲम्पचं जुनं रूप निवडा, तीच बोटभर खिडकी उघडेल. मग एक्स दाबा.