जखम सुकेपर्यंत

१८३२ च्या उन्हाळ्यात मुंबईत मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम १८१३ पासूनच होता, पण तो वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरता. त्या वर्षी उन्हाळ्यातली मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली आणि आठ आण्यांच्या लोभाने पकडणारे लोक ओट्यावर, दारात बसलेल्या पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. ६ जूनला कोटातल्या पारशी वस्तीत त्यांना लोकांनी गाठलं. पारशांच्या धर्मात कुत्र्याचं स्थान मोठं. मृताचं अंत्यदर्शन कुत्र्याला घडवण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्यात होता, आणि तेच कुत्रं दारातून ओढून नेऊन काठीने मारलं जात होतं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, हिंदू आणि जैनही सामील झाले, कुलाब्याच्या फौजेची रसद अडली. शेवटी लष्कर बोलावून जमाव पांगवावा लागला. इतिहासात ही दंगल ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणूनच ओळखली जाते.

दंगलीनंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शहरातल्या जैन शेटियांनी मिळून भुलेश्वरला पांजरापोळ काढली. मारण्याऐवजी सांभाळायची जागा. तिथे कुत्र्याला आसरा मिळाला, अन्न मिळालं. उपचार मात्र अजून दूर होते.

ते आले परळला. जनावरांवरची क्रूरता रोखण्यासाठी १८७४ मध्ये मुंबईत एक संस्था स्थापन झाली आणि पुढच्या दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई रुग्णालय उभं राहिलं. परळकर त्याला आजही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात, आणि हे नाव त्या काळाचं अचूक चित्र देतं. ट्रामचे घोडे, व्हिक्टोरियाचे घोडे, गाडीचे बैल हे तिथले मुख्य रुग्ण. १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शहर ज्यांच्या पाठीवर चालत होतं, त्यांच्यावर आधी उपचार झाले. कुत्र्याला बराच काळ थांबावं लागलं.

कुत्र्याची नसबंदी ही पुढची गोष्ट, पण जनावराचं खच्चीकरण तोवर काही नवलाचं नव्हतं. गोऱ्हा बडवल्याशिवाय तो औताला शांत चालत नाही, हे गावोगाव माहीत होतं. पाय बांधून आडवा पाडायचा आणि अंडाच्या शिरा ठेचायच्या. भूल नाही, काही नाही. विसाव्या शतकात इटालियन बर्डिझोचा चिमटा आला. त्याने कातडी न फाडता शीर दाबली जाते. बडवण्याची जुनी पद्धत निर्दयच होती, पण एक गोष्ट शेतकरी जाणून होता: बडवलेल्या बैलाची सूज उतरेपर्यंत त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. शस्त्रक्रियेइतकंच महत्त्व तिच्यानंतरच्या दिवसांना असतं, ही समज गोठ्यात होतीच.

मादीचं काम वेगळं. तिथे पोट उघडावं लागतं. डुकरिणीची अंडाशयं काढण्याचा उल्लेख ॲरिस्टॉटलने केला आहे, म्हणजे धाडस जुनं आहे. पण पोट उघडलेलं जनावर हमखास जगेल, याची खात्री देणारी साधनं एकोणिसाव्या शतकातली. १८४६ मध्ये ईथर, १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म, १८६७ मध्ये लिस्टरची जंतुनाशक पद्धत. ही सगळी माणसासाठी आली आणि मग जनावरांकडे वळली. लंडनच्या फ्रेडरिक हॉबडे या पशुवैद्याने कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेवर १९०० मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं, तेव्हा या शाखेला स्वतःचं घर मिळालं. ब्रिटनमध्ये जनावरांना भूल देणं काही शस्त्रक्रियांसाठी कायद्याने बंधनकारक झालं ते १९१९ मध्ये.

एवढं ज्ञान हाताशी असूनही मुंबईत कुत्री मारणं चालूच राहिलं. पद्धत तेवढी बदलली. काठीच्या जागी विजेचा धक्का आला. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, ज्याच्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे कष्ट होते, त्यातही भटकी कुत्री मारण्याला वाट ठेवलेली होती. म्युनिसिपालटीची गाडी गल्लीत शिरली की पोरं ओरडत पळायची आणि कुत्री त्यांच्या आधी. मुंबईत वर्षाला ५०,००० पर्यंत कुत्री मारली जात होती, असं या क्षेत्रातल्या संस्था सांगतात.

आणि तरीही कुत्री कमी होत नव्हती. कारण साधं आहे. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं होतात. गल्लीतली कुत्री उचलली तरी गल्लीतला उकिरडा तिथेच राहतो. शेजारच्या वस्तीतली कुत्री रिकाम्या जागेत येतात, उरलेल्यांची पिल्लं अधिक संख्येने जगतात, आणि नव्याने आलेल्यांपैकी एकालाही रेबीजची लस टोचलेली नसते. मद्रासच्या ब्लू क्रॉस संस्थेने १९६४ मध्येच तिथल्या महापालिकेला सांगितलं होतं की मारण्यापेक्षा नसबंदी करा. ते पालिकेने मनावर घेतलं १९९६ मध्ये. मधली बत्तीस वर्षं आणि त्या वर्षांत मेलेली कुत्री यांचा विचार केला तर मन विषण्ण होतं.

मुंबईने हा निर्णय थोडा आधी, १९९४ मध्ये घेतला. मारणं थांबलं, आणि पालिकेच्या सहकार्याने नसबंदी करण्याचं काम स्वयंसेवी संस्थांकडे आलं. पुढे २००१ मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. त्याच नियमांत पाळीव कुत्र्यांचाही विचार होता. त्यांची नसबंदी, लसीकरण आणि परवाना ही मालकाची जबाबदारी ठरली.

पण १९९४ च का? उत्तराचा एक भाग कायद्यात आहे, एक भाग जनमतात. आणि तिसरा, ज्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही, तो औषधाच्या बाटलीत. झायलाझिन आणि केटामाइन ही दोन्ही औषधं १९६२ मध्ये तयार झाली. दोन्ही सुईने देता येतात. भुलेचं यंत्र नको, वायूची टाकी नको. एका शेडमध्ये, एका टेबलावर, एक डॉक्टर दिवसभरात अनेक कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करू शकतो, हे या औषधांमुळे शक्य झालं. दुसरा बदल टाक्यांचा. पूर्वी मेंढीच्या आतड्यापासून केलेला कॅटगट असे. १९७० च्या सुमारास शरीरात आपोआप विरघळणारा कृत्रिम धागा आला. छोटा छेद, टाके कातडीच्या आत गाडलेले, बाहेर काही लोंबत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याला टाके काढायला पुन्हा कोण आणणार? म्हणून ही पद्धत रुजली.

या शस्त्रक्रियेला ‘पिशवी काढणं’ म्हणायची मराठी घरांत रीत आहे. मादीची अंडाशयं आणि बहुधा गर्भाशयही काढलं जातं, नराचे वृषण. भूल चढल्यावर काम तासाभराच्या आत उरकतं. पाळीव कुत्र्याच्या मालकाची परीक्षा असते ती त्याच्या आधी आणि नंतर.

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगतात, ते उगाच नाही. झायलाझिनने कुत्र्याला उलटी होऊ शकते, आणि भुलेत झालेली उलटी श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतते. प्रेमापोटी सकाळी गुपचूप भरवलेली अर्धी पोळी इथे घात करते. केटामाइनच्या भुलेत डोळे उघडेच राहतात. ते पाहून घरचे लोक हबकतात. बुबुळ कोरडं पडू नये म्हणून डॉक्टर त्यावर मलम लावतात. घरी आल्यावर कुत्रा मान डोलवतो, कण्हतो, पाय मारतो, ओळखीच्या माणसाकडेही अनोळखी नजरेने पाहतो. त्याला दुखतंय म्हणून तो रडतोय असं वाटतं. बहुतेक वेळा तो भुलेतून वर येत असतो. दिवा मंद करावा, टीव्ही बंद करावा, जमिनीवरच जाड चादर घालावी. सोफ्यावर ठेवलं की तो तोल जाऊन पडतो. भुलेत अंग गार पडतं, म्हणून पंख्याखाली न ठेवता अंगावर पातळ पांघरूण घालावं. पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी थोडं पाणी, मग मूठभर मऊ भात किंवा नेहमीचं खाणं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खरी पंचाईत होते, कारण कुत्रा बरा दिसू लागतो. तो दाराकडे धावतो, पलंगावर उडी मारू पाहतो, आणि कातडी जुळलेली दिसत असली तरी आतला स्नायू अजून जुळलेला नसतो. दहा ते चौदा दिवस जिना नाही, उडी नाही, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही, आंघोळ नाही. फिरायला नेलं तरी साखळी आखूड धरून, शू-शीपुरतं. गळ्यातली ती शंकूसारखी कॉलर पाहून घरातल्या आजीचा जीव तुटतो आणि ती म्हणते, काढ गं बाई थोडा वेळ, कसा कावराबावरा झालाय. तेवढ्या वेळात टाके उसवतात. चाटल्याने जखम बरी होते हा आपल्याकडचा जुना समज आहे आणि तो कुत्र्याला महागात पडतो. जिभेवरचे जंतू आणि सततचं घासणं यांनी छेद उघडतो.

रोज दोनदा छेद बघावा. थोडी लाली, थोडी सूज चालते. पू, दुर्गंध, थेंबथेंब रक्त, फुगत जाणारं पोट, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड न लावणं, यांपैकी काहीही दिसलं तर तडक डॉक्टरकडे. घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन कधीही देऊ नये. माणसाची ही औषधं कुत्र्याला विष ठरू शकतात. नराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते: शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याच्या शरीरात शुक्राणू शिल्लक असतात, तेवढे दिवस माजावरच्या मादीपासून त्याला लांबच ठेवावं. आणि पुढे वजन वाढतं ते ऑपरेशनने नव्हे, ताटातल्या घासांनी. शरीराची गरज भागवायला आता कमी अन्न पुरतं, तेवढं ताटात कमी करावं लागतं.

नसबंदी कधी करावी, यावर गेल्या साठ वर्षांत मत बदलत आलं आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने सांगितलं की पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झालेल्या माद्यांत स्तनाच्या गाठींचा धोका न केलेल्यांच्या जेमतेम अर्धा टक्का राहतो. हा आकडा दोन पिढ्यांच्या डॉक्टरांनी पाठ केला. २०१२ मध्ये त्या पुराव्याची फेरतपासणी झाली तेव्हा तो वाटला होता तितका भक्कम नाही असं दिसलं. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी गोल्डन रिट्रिव्हर जातीत वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांना सांध्यांचे आजार अधिक होतात असं दाखवलं. दुसऱ्या बाजूला गर्भाशयात पू होण्याचा आजार आहे, जो शस्त्रक्रिया न झालेल्या वयस्क माद्यांत सर्रास आढळतो आणि जीव घेतो. पिशवी काढलेल्या मादीला त्याची धास्ती जवळपास उरत नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्याची वाढ पूर्ण होऊ द्यावी, लहान जातीच्या किंवा देशी कुत्र्याबाबत फार थांबू नये, असा कल आता आहे. अंतिम शब्द त्या कुत्र्याला तपासणाऱ्या डॉक्टरचा.

रस्त्यावरचा हिशेब मात्र बराच स्पष्ट आहे. जयपूरमध्ये १९९४ ते २००२ या काळात २४,९८६ कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झालं. त्या भागातली कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि माणसांतले रेबीजचे रुग्ण शून्यावर आले. गोव्यात २०१४ पासून घरोघर, गल्लोगल्ली मोठी लसीकरण मोहीम चालली, आणि २०१७ नंतर तिथे काही वर्षं रेबीजने एकही माणूस दगावला नाही. मुंबईत २०१४ च्या गणनेत ९५,१७२ भटकी कुत्री होती. माणसांची गर्दी आणि कचरा दोन्ही वाढत असतानाही हा आकडा पुढच्या दहा वर्षांत भडकला नाही.

२०२३ मध्ये जुने नियम मोडीत काढून नवे आले. पण नियम कोणतेही असोत, कोणत्याही शहराची या कामातली क्षमता अखेर पिंजऱ्यांवर येऊन थांबते. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर दिवसाला पंधरा-वीस कुत्री हातावेगळी करेल, पण प्रत्येक कुत्र्याला जखम सुकेपर्यंत स्वतंत्र, कोरडी, स्वच्छ जागा लागते. एक पिंजरा चार-चार दिवस अडला तर महिन्याला त्यातून सातच कुत्री बाहेर पडतात. पन्नास पिंजऱ्यांच्या केंद्रातून साडेतीनशे. संख्या गाठायची म्हणून हे दिवस कापले, की पावसाच्या चिखलात छेद उघडा पडलेलं कुत्रं गल्लीत परत येतं, आणि पुढच्या वेळी गाडी आली की त्याच गल्लीतली माणसं, जी रोज संध्याकाळी त्याला बिस्किटं घालतात, कुत्र्यांना घरात लपवतात. म्हणून निविदा काढताना पालिकेने आधी विचारायला हवं ते पिंजरे किती, रात्री तिथे कोण थांबतं आणि जखमा रोज कोण तपासतं.