तेहतीस म्हणजे तेहतीस काय?

आजचा भाग माझ्या गावातून, कारंजा घाडगेतून. नागपूर-अमरावती महामार्गावरचं गाव, त्यामुळे टायरची दुकानं भरपूर. परवा गाडीत हवा भरायला गेलो.

"किती टाकू भाऊ?"

गाडीच्या पुस्तकात २.३ बार लिहिलंय, म्हणून मी म्हटलं, "टू पॉइंट थ्री." तो माझ्याकडे बघतच राहिला. "तेहतीस म्हणा ना!"

बरोबर होता तो. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. २.३ ने गुणा, ३३.३५ येतात.

त्याच्या गेजवर आकड्यांची दोन वर्तुळं होती. बाहेर पीएसआय, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड. आत किलो, दर चौरस सेंटिमीटरला. आपल्या मोजमापांचा इतिहासच आहे तो. पौंड आणि इंच इंग्रजांबरोबर आले. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५७ ला नवा पैसा आला, मग शेर, मण, छटाक हळूहळू बाजारातून गेले. टायरमधला पौंड मात्र राहिला. मला वाटतं, हवा काही आपण तोलून विकत घेत नाही, म्हणून तो कुणाला खुपलाच नाही. १९७१ मध्ये दाबाच्या एककाला जगभर पास्कल हे नाव ठरलं. पण तेहतीस पीएसआय म्हणजे जवळपास सव्वादोन लाख पास्कल. दुकानात एवढा आकडा कोण सांगणार?

हवामानवाल्यांनी हा प्रश्न छान सोडवला. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. इंग्रजी पद्धतीत हवेचा दाब पाऱ्याच्या इंचात सांगत, समुद्रसपाटीला साधारण २९.९२. पुढे मिलिबार आले, १०१३.२५. त्यानंतर पास्कल वापरायची वेळ आली, तेव्हा शंभर पास्कलचा एक हेक्टोपास्कल घेतला. तो बरोबर एक मिलिबार भरतो. नाव बदललं, आकडा तोच राहिला.

एक गोष्ट मात्र तबकडीवर लिहिलेली नसते. गेजचा शून्य म्हणजे निर्वात नव्हे. टायर पूर्ण बसला तरी आत बाहेरच्याइतकीच, म्हणजे साधारण १४.७ पीएसआय दाबाची हवा असतेच. गेज फक्त त्यावरचा दाब दाखवतो. एका प्रोजेक्टमध्ये मी हेच विसरलो होतो. सेन्सर निर्वातापासून मोजत होता आणि मी तो आकडा गेजचा समजून वापरला. म्हणजे स्क्रीनवर तेहतीस, टायरमध्ये जेमतेम अठरा! टेस्टिंगमध्ये सापडलं म्हणून बरं. मे महिन्यात भरल्या गाडीनं असल्या टायरवर या हायवेला निघालं, तर टायर फुटायला वेळ लागत नाही.

दुकानातल्या माणसाला नुसतं 'तेहतीस' पुरतं, कारण बाकीचं त्याला ठाऊक असतं. कॉम्प्युटरला नसतं. तेव्हापासून मी आकड्याशेजारी दोन गोष्टी लिहितोच: एकक कोणतं आणि शून्य कुठला.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, स्टेपनीतली हवाही बघून घ्या.