हवाई वर्चस्व आणि हवाई संरक्षण : अरब-इस्रायल संघर्षाच्या संदर्भात एक अभ्यास (१९६७-१९८२)

प्रस्तावना :
हवेवर प्रभुत्व मिळविणारे राष्ट्रच युद्ध जिंकते, असा सिद्धांत इटालियन सेनानी जुलिओ दूए यांनी १९२१ मध्ये मांडला. ५ जून १९६७ रोजी इस्रायलने इजिप्तच्या विमानतळांवर अचानक हल्ले करून सुमारे ३०० विमाने नष्ट केली, तेव्हा हा सिद्धांत निर्विवाद ठरल्यासारखे वाटले. तथापि पुढील पंधरा वर्षांच्या इतिहासावरून हवाई वर्चस्व ही कायमस्वरूपी मिळकत नसते, असे दिसून येते.

१९७३ चे युद्ध :
१९६७ च्या पराभवानंतर इजिप्तने विमानांशी विमानांनीच लढण्याचा आग्रह सोडला. सोव्हिएत साहाय्याने सुएझ कालव्यालगत क्षेपणास्त्रांची साखळी उभारण्यात आली. उंचावरील विमानांसाठी सॅम-२, कमी उंचीसाठी सॅम-३, सैन्यासोबत फिरणारी सॅम-६ आणि अगदी खालून येणाऱ्या विमानांसाठी विमानवेधी तोफा, अशी ही परस्परपूरक रचना होती. क्षेपणास्त्र चुकविण्यासाठी खाली उतरलेले विमान तोफांच्या माऱ्यात सापडत असे. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी सुरू झालेल्या युद्धात इस्रायलने सुमारे १०० विमाने गमावली.

मात्र १४ ऑक्टोबरला इजिप्तचे रणगाडे या संरक्षक छत्राबाहेर पुढे सरकले आणि त्यांची प्रचंड हानी झाली. १५-१६ ऑक्टोबरच्या रात्री इस्रायली भूदलाने कालवा ओलांडला व पश्चिम तीरावरील क्षेपणास्त्र-तळ उद्ध्वस्त केले. म्हणजेच वायुदलाचा मार्ग येथे भूदलाने मोकळा केला, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

बेका खोरे, १९८२ :
लेबनॉनमधील बेका खोऱ्यात सीरियाची क्षेपणास्त्रे दीर्घकाळ एकाच जागी तैनात होती. इस्रायलने वैमानिकरहित विमानांद्वारे त्यांचे नेमके स्थान टिपले, त्यांच्या रडारना कार्यान्वित होण्यास भाग पाडले आणि ९ जून १९८२ रोजी १९ पैकी १७ क्षेपणास्त्र-तुकड्या नष्ट केल्या. नऊ वर्षांपूर्वी प्रभावी ठरलेले तंत्र गतिशीलतेअभावी निष्प्रभ झाले.

निष्कर्ष :
प्रत्येक शस्त्राचा प्रतिकार निर्माण होतो व त्या प्रतिकारालाही उत्तर सापडते. २०२२ पासूनच्या युक्रेन युद्धात संख्येने वरचढ असूनही रशियन वायुदलाला युक्रेनच्या आकाशावर पूर्ण वर्चस्व मिळविता आले नाही, याचे एक प्रमुख कारण युक्रेनची फिरती क्षेपणास्त्रे हे होय. त्याच युद्धात स्वस्त ड्रोन पाडण्यासाठी त्याच्या कित्येक पट महाग क्षेपणास्त्र खर्ची पडते, असा नवा आर्थिक पेचही उद्भवला आहे.

यावरून भविष्यातील हवाई वर्चस्व विशिष्ट काळापुरते व विशिष्ट प्रदेशापुरते मर्यादित राहील, असे अनुमान काढता येते. २०१८ मध्ये रशियाशी एस-४०० प्रणालीचा करार करणाऱ्या आणि 'आकाश'सारखी स्वदेशी प्रणाली विकसित करणाऱ्या भारताच्या दृष्टीनेही केवळ शस्त्रखरेदी पुरेशी नाही. प्रणालींची गतिशीलता, त्यांचा परस्परसमन्वय आणि क्षेपणास्त्रांच्या अखंड उत्पादनाची क्षमता यांचा विचार तितकाच अगत्याचा आहे.