स्थानकांची नावे आणि नगराचा इतिहास : चिक्कडपल्लीच्या मार्गावरून

हैदराबादेत नव्याने आलेल्या मनुष्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की आपल्याला जेथे जावयाचे आहे त्याच्या जवळचे स्थानक कोणते? प्रश्न वरवर व्यावहारिक आहे. परंतु त्याचे उत्तर नकाशावर सहजी सापडत नाही, कारण नकाशावर स्थानकांची नावे असतात आणि माणसाच्या मनात मुक्कामाची. या दोन नावांच्या मधले अंतर हा नगराच्या इतिहासाचा भाग असतो. चिक्कडपल्लीवरून जाणारा मेट्रो रेल्वेचा हिरवा मार्ग हे त्याचे चांगले उदाहरण असून, मराठी अभ्यासकांनी त्याकडे लक्ष द्यावे असे त्यात बरेच आहे.

प्रथम जुन्या लोहमार्गांचा विचार करू. १८७४ मध्ये वाडीहून निघालेला लोहमार्ग सिकंदराबादेस पोहोचला. सिकंदराबाद ही इंग्रजी फौजेची छावणी. तिच्या आणि मुंबईकडील हमरस्त्याच्या सोयीने हा मार्ग आखला गेला. मूसीच्या दक्षिणेकडील मूळ शहर त्या वेळी त्यापासून दूरच राहिले. पुढे मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा सबंध मराठवाडा जोडीत आलेला मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. १९०७ मध्ये नामपल्लीचे, तर १९१६ मध्ये काचीगुड्याचे स्थानक उभे राहिले. अशा रीतीने एकाच नगराला तीन मोठी दारे झाली आणि त्यांपैकी ज्याला 'हैदराबाद' हे अधिकृत नाव मिळाले त्याला लोक मात्र आजही नामपल्लीच म्हणतात. तिकिटावरचे नाव एक आणि टांगेवाल्याला सांगावयाचे नाव दुसरे, ही या शहराची रीत तेव्हापासूनची आहे.

या तीन दारांच्या मध्ये जी वस्ती होती तिच्यातून लोहमार्ग कधी गेला नाही. चिक्कडपल्ली, नारायणगुडा, सुलतान बाजार, कोठी ही ती वस्ती. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेनेच मोटार वाहतुकीचे खाते काढले आणि तेव्हापासून या भागातील प्रवास प्रामुख्याने बसवर अवलंबून राहिला. २००३ मध्ये जुन्याच रुळांवर उपनगरी गाड्या धावू लागल्या. त्यांनीही शहराचा हा मध्यभाग बाजूलाच ठेवला. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी मेट्रोचे उद्घाटन झाले ते मियापूर ते नागोल या भागाचे. ७ फेब्रुवारी २०२० रोजी ज्युबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक हा सुमारे ११ किलोमीटरचा हिरवा मार्ग खुला झाला, तेव्हा चिक्कडपल्ली हे नाव पहिल्यांदा रेल्वेच्या नकाशावर आले.

प्रवासाची आखणी करू पाहणाऱ्यास या जाळ्याची रचना ध्यानात ठेवणे सोपे आहे. लाल, निळा व हिरवा असे तीन मार्ग. आणि ते एकमेकांस तीनच ठिकाणी भेटतात. लाल व निळा अमीरपेठेस, निळा व हिरवा परेड ग्राउंडवर, लाल व हिरवा महात्मा गांधी बस स्थानकावर. म्हणजे चिक्कडपल्लीहून नामपल्लीस जावयाचे तर दक्षिणेकडे तिसऱ्या स्थानकावर, महात्मा गांधी बस स्थानकी, गाडी बदलून लाल मार्गाने जावे. हायटेक सिटीकडे जावयाचे तर उत्तरेकडे पाचव्या स्थानकावर, परेड ग्राउंडला, उतरून निळा मार्ग धरावा. अडचण येते ती नावांची. सिकंदराबाद रेल्वे स्थानकासाठी मेट्रोची पूर्व आणि पश्चिम अशी दोन स्थानके निरनिराळ्या मार्गांवर आहेत. आणि मराठवाड्यातून येणारा उतारू ज्या काचीगुड्यास उतरतो, त्या नावाचे मेट्रो स्थानक मुळी नाहीच. त्याने नारायणगुडा किंवा सुलतान बाजार गाठावयाचे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

आता याच मार्गावरील नावे जरा थांबून वाचावी. 'पल्ली' आणि 'गुडा' ही तेलुगू खेड्यापाड्यांची नावे. 'आबाद' आणि 'बाजार' हे फारसीचे देणे. चार स्थानकांच्या अंतरात दख्खनच्या भाषांचा इतिहास उलगडतो. मुशीराबाद हे नाव तर मराठी वाचकाला विशेष परिचयाचे वाटावयास हवे. १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईनंतर ज्या दिवाणाला मराठ्यांच्या स्वाधीन व्हावे लागले आणि पुण्यात नजरकैदेत दिवस काढावे लागले, तो मुशीर-उल-मुल्क हाच या नावाचा धनी. आपल्या शाळांतून खर्ड्याची लढाई शिकविली जाते. परंतु पराभूत पक्षाच्या मुत्सद्द्याचे नाव एका मेट्रो स्थानकावर रोज घोषित होते, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

पुढचे सुलतान बाजार हे पूर्वीचे रेसिडेन्सी बाजार. ब्रिटिश रेसिडेंटच्या हवेलीभोवतीच्या या पेठा १९३३ पर्यंत इंग्रजांच्या अमलाखाली होत्या. निजामी राज्यातील निर्बंध येथे तितके कडक नसत; म्हणून सभा, संस्था, चळवळी यांना हा भाग मानवला. येथील आर्य समाजाची स्थापना १८९२ ची. मूळचे परभणीकडील केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) वकिली करीत करीत हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि आर्य समाजाचे व शिक्षणप्रसाराचे धुरीण ठरले. त्यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये नारायणगुड्यास केशव स्मारक विद्यालय निघाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्थापन झालेली विवेकवर्धिनी जांबागेत आहे. तिच्यासाठी लाल मार्गावरील उस्मानिया मेडिकल कॉलेज हे स्थानक सोयीचे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्या काळी तेथून शिकावयास आलेल्या तरुणांच्या पायाखाली हाच मुलूख होता.

हा मार्ग सुखासुखी झाला नाही. सुलतान बाजारातील व्यापाऱ्यांनी आपल्या जुन्या पेठेतून मार्ग नेण्यास दीर्घकाळ विरोध केला. आखणी बदलण्याचाही विचार झाला. अखेर मूळ आखणीच कायम राहिली आणि काही जुन्या इमारती गेल्या. ज्या पेठेचे नाव स्थानकाला मिळाले, तिचाच थोडा अंश त्या नावाची किंमत म्हणून द्यावा लागला. दुसरीकडे, फलकनुम्यापर्यंत जावयाचा हा मार्ग २०२० साली महात्मा गांधी बस स्थानकाशीच थांबला आणि चारमिनारचे मूळ शहर १८७४ प्रमाणे याही वेळी मागे राहिले. स्थानक कोठे व्हावे याचा निर्णय ज्यांच्या हाती असतो, त्यांच्या दृष्टीने शहर कोठे आहे हेच त्यातून कळते.

येथे मराठी संस्थांचे काम सुरू होते. या शहरातील मराठी कुटुंबे आता दूरच्या वसाहतींत पांगली आहेत. कुकटपल्लीत वाढलेल्या मुलाला कोठीची वाट ठाऊक नसते, आणि वाट ठाऊक नसली की संस्थाही विस्मृतीत जाते. लाल मार्गाने तो मुलगा गाडी न बदलता कोठीपर्यंत येऊ शकतो. पण उतरावयाचे कोठे आणि कशासाठी, हे नकाशा त्याला सांगत नाही. प्रत्येक शाळेने व वाचनालयाने आपल्या पत्त्यापुढे जवळच्या स्थानकाचे नाव छापावे. प्रत्येक इतिहास शिक्षकाने वर्षातून एकदा वर्ग घेऊन मुशीराबाद ते सुलतान बाजार हा प्रवास करावा. खर्च थोडा आहे. जुन्या पिढीने जी वाट पायी चालून पाठ केली, ती पुढच्या पिढीला स्थानकांच्या नावांवरून शिकविता येईल. मात्र ती नावे वाचून दाखविणारा कोणी सोबत हवा.