वैधता-तपासणीचे सामायिक पर्याय (रुबी ऑन रेल्स)

रुबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये एखादी नोंद डेटाबेसमध्ये जतन होण्यापूर्वी तिच्यातील माहिती ग्राह्य आहे की नाही, हे मॉडेलच्या पातळीवर तपासले जाते. या तपासणीस व्हॅलिडेशन म्हणतात. मूल्याची उपस्थिती, लांबी, एकमेवता इत्यादींसाठी स्वतंत्र नियम आहेत. मात्र काही पर्याय बहुतेक सर्व नियमांना जोडता येतात. ‘अलाउ निल’, ‘अलाउ ब्लँक’, ‘मेसेज’, ‘ऑन’, ‘इफ’, ‘अनलेस’ आणि ‘स्ट्रिक्ट’ हे ते पर्याय होत.

निल आणि रिक्त मूल्य

‘अलाउ निल’ दिल्यास मूल्य निल असताना नियम वगळला जातो. ‘अलाउ ब्लँक’ची व्याप्ती अधिक आहे. त्यात रिकामी स्ट्रिंग आणि केवळ मोकळ्या जागा असलेली स्ट्रिंगही येते. हा भेद वरवर किरकोळ वाटला तरी प्रत्यक्षात अनेक चुकांचे मूळ ठरतो. वेब अर्जातील न भरलेला मजकूर-रकाना निल म्हणून नव्हे, तर रिकामी स्ट्रिंग म्हणून सर्व्हरकडे येतो. समजा, ईमेल ऐच्छिक असून एकमेव असणे आवश्यक आहे. येथे ‘अलाउ निल’ वापरल्यास ईमेल न देणारी दुसरी व्यक्ती ‘हे मूल्य आधीच वापरात आहे’ या कारणाने नाकारली जाते. ‘अलाउ ब्लँक’ वापरल्यास तपासणी पार पडते. पण डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स असल्यास दुसरी रिकामी स्ट्रिंग तेथे अडते. पोस्टग्रेएसक्यूएल व मायएसक्यूएलमध्ये अशा इंडेक्सला अनेक नल मूल्ये सहसा चालतात. त्यामुळे तपासणीपूर्वीच रिक्त मूल्याचे निलमध्ये रूपांतर करणे हा खरा उपाय होय.

इतर पर्याय

‘मेसेज’मुळे त्रुटीचा मूळ संदेश बदलता येतो. ‘इफ’ व ‘अनलेस’ नियमाला अट घालतात. ‘ऑन’मुळे नियम केवळ निर्मितीच्या किंवा केवळ अद्ययावत करण्याच्या वेळी लागू होतो. त्यास स्वतःचा संदर्भही देता येतो. मात्र असा संदर्भ देऊन तपासणी केल्यास निर्मितीपुरते मर्यादित असलेले नियम चालत नाहीत. ‘स्ट्रिक्ट’ असल्यास त्रुटी यादीत न जाता थेट एक्सेप्शन उद्भवते. त्यामुळे वापरकर्त्याच्या चुकांसाठी तो सहसा योग्य नसतो.

मर्यादा

‘अपडेट कॉलम’, ‘अपडेट ऑल’ यांसारख्या पद्धती तपासणी न करताच डेटाबेसमध्ये लिहितात. शिवाय एकाच क्षणी आलेल्या दोन विनंत्या एकमेवतेच्या तपासणीतून पार होऊ शकतात. अशा वेळी दुसरी नोंद केवळ युनिक इंडेक्सच रोखतो.