उपाहारगृहांतील प्रवेशनियम व सेवकवर्तन (महाराष्ट्र)

उपाहारगृहात, खाणावळीत किंवा चहाच्या हॉटेलात कोणाला, कोणत्या अटींवर आणि कोठे बसवावयाचे याविषयी मालकाने ठरविलेल्या लिखित वा अलिखित नियमांना प्रवेशनियम म्हणतात. गल्ल्यावरील मालक, वाढपी आणि वेटर ग्राहकाशी ज्या रीतीने बोलतात व वागतात, ते सेवकवर्तन होय. एखादा ग्राहक त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा का येतो, या प्रश्नाचे उत्तर पदार्थांची चव व किंमत यांइतकेच या दोन गोष्टींत सापडते. महाराष्ट्रात या विषयाला केवळ व्यापारी बाजू नाही. दारातून आत घेणे किंवा न घेणे हा येथे दीर्घकाळ जातिव्यवस्थेशी जोडलेला प्रश्न होता, त्यामुळे ग्राहकनिष्ठेचा इतिहास हा काही अंशी सामाजिक समतेचाही इतिहास आहे.

प्रवेशनियमांचे प्रकार

प्रवेशनियमांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार व्यवस्थेचा : वेळ, रांग, कूपन, पादत्राणे बाहेर काढणे, बाहेरचे पदार्थ आत न आणणे इत्यादी. दुसरा प्रकार कायद्याने घालून दिलेला असतो. उदाहरणार्थ, महाराष्ट्रात परमिट रूममध्ये सौम्य बिअरसाठी २१ वर्षे व कडक मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. तिसरा प्रकार माणसामाणसांत भेद करणारा असतो : जात, धर्म, पेहराव किंवा दारिद्र्य पाहून नकार देणे, वेगळे बसविणे, वेगळ्या भांड्यांतून देणे. पहिले दोन प्रकार सर्वांना सारखे लागू होतात, म्हणून कडक असले तरी ग्राहक ते स्वीकारतो. तिसऱ्या प्रकारात नकार नियमाला धरून नसून व्यक्तीला उद्देशून असतो आणि तो विसरला जात नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरे वाढली, शिक्षण व नोकरीसाठी घराबाहेर राहणाऱ्यांची संख्या वाढली आणि खाणावळींची गरज निर्माण झाली. आरंभीच्या अनेक खाणावळी विशिष्ट ज्ञातीपुरत्या होत्या; काहींच्या नावातच ज्ञातीचा उल्लेख असे. रेल्वे स्थानकांवर स्वातंत्र्यापूर्वी ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ वेगवेगळे मिळत असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या प्रवाशाला तर बहुतेक दारे बंदच होती. अमेरिकेतून उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर एका पारशी विश्रामगृहात ओळख लपवून राहावे लागले आणि जात कळताच तेथून बाहेर पडावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

याच काळात कोल्हापुरात उलट दिशेचा एक प्रयोग झाला. संस्थानच्या पागेत नोकरीस असलेले गंगाराम कांबळे यांना पाण्याला स्पर्श केल्याच्या कारणावरून मारहाण झाली होती. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र व्यवसाय करण्यास साहाय्य केले आणि कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल काढले. दार सर्वांना खुले होते, स्वच्छता होती, पण अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यावयास कोणी येईना. तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून, बरोबरच्या मंडळींसह, सर्वांदेखत चहा घेऊ लागले. त्यांनी केवळ उपदेश केला असता तर गिऱ्हाईक आले असते असे म्हणता येत नाही. राजाने कप तोंडाला लावला, तेव्हा इतरांचा संकोच मोडू लागला. संस्थानातील सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे आदेशही महाराजांनी १९१९ मध्ये काढले. येथे बहिष्कार ग्राहकांनी मालकावर घातला होता, ही या उदाहरणाची विशेष बाजू आहे. दार उघडे ठेवणे मालकाच्या हाती असते. त्यातून आत जाण्याचे धैर्य समाजाला दाखवावे लागते.

इराणी हॉटेले

मुंबई व पुणे येथे इराणमधून आलेल्या झरतुष्ट्री व मुस्लिम व्यावसायिकांनी उघडलेली इराणी हॉटेले अनेकांच्या दृष्टीने सर्वांसाठी मोकळ्या बैठकीचे पहिले ठिकाण ठरली. मुंबईतील कयानी (१९०४) व ब्रिटानिया (१९२३) आणि पुण्यातील गुडलक (१९३५) ही त्यांतील प्रसिद्ध नावे. कमी पैशांत चहा व बनमस्का घेऊन कामगार, कारकून, विद्यार्थी व लेखक एकाच संगमरवरी टेबलाशी बसू शकत. स्त्रियांना व कुटुंबांना ‘फॅमिली रूम’ असे. काही इराणी हॉटेलांत भिंतीवर सूचनांची लांबलचक पाटी असे. निस्सीम इझिकेल यांनी तशा सूचनांवरच एक इंग्रजी कविता रचली आहे. पाटी कडक असली तरी ती दारात येणाऱ्या प्रत्येकासाठी होती. ब्रिटानियाचे मालक बोमन कोहिनूर (निधन २०१९) वयाच्या नव्वदीनंतरही टेबलाटेबलाशी जाऊन ग्राहकांची विचारपूस करीत, म्हणून अनेकजण जेवणाइतकेच त्यांच्या भेटीसाठी तेथे जात.

कामगारांच्या खाणावळी

गिरणगावात गावाकडून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या खाणावळी बहुधा स्त्रिया चालवीत. महिन्याचा हिशेब, उधारीची वही आणि प्रत्येकाच्या पाळीची वेळ सांभाळून वाढलेले ताट, यांवर हे नाते उभे होते. संपाच्या काळात पैसे थकले तरी कित्येक बायकांनी ताट बंद केले नाही. अशा खाणावळवाल्या बायकांना कर्ज व संघटनेचा आधार मिळावा म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. अडचणीच्या दिवसांत दाखविलेला विश्वास ग्राहकाला बांधून ठेवतो, याचे हे ठळक उदाहरण मानता येते.

मराठवाडा व कंधार

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. खेड्यापाड्यांतील चहाच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळे कप ठेवण्याची पद्धत महाराष्ट्राच्या अनेक भागांत स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिली. दलित आत्मकथनांत तिचे वर्णन आढळते. मराठवाड्याला लागून असलेल्या अक्कलकोट परिसरातील जीवनावरील शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनात अशा वेगळ्या कपांविरुद्ध तक्रार केल्याचा प्रसंग आहे.

याच प्रदेशात सर्वांना एका पंगतीस बसविणारी परंपराही आहे. नांदेड येथील तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे कोणत्याही जातिधर्माच्या व्यक्तीला लंगरमध्ये बसून जेवता येते. दाराशी नियम आहेत : डोके झाकावे, पादत्राणे काढावीत. मात्र ते राव-रंक सर्वांना सारखे आहेत. लंगर हा व्यवसाय नव्हे व तेथे येणारा ग्राहक नव्हे. तरीही नियम असणे आणि भेद करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेथे स्पष्ट दिसते.

नांदेड जिल्ह्यातील कंधार हे मन्याड नदीच्या परिसरातील तालुक्याचे गाव राष्ट्रकूटकालीन परंपरा सांगणाऱ्या किल्ल्यासाठी व हाजी सय्याह यांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध आहे. अशा गावात हॉटेलचा ग्राहक प्रामुख्याने तहसील, न्यायालय, बाजार किंवा दर्शन यांसाठी आलेला असतो. खेड्यातून आलेला मनुष्य पोहे, भजी किंवा सुशीला खाऊन एस.टी.ची वाट पाहत बसतो. त्याची पिशवी ठेवू देणे, पाण्याचा जग न मागता पुढे करणे, गाडी येईपर्यंत बाकावरून न उठविणे, या लहान गोष्टींवर तो पुढच्या खेपेस कोणत्या हॉटेलात शिरेल हे ठरते. मोठ्या शहरात दुखावलेल्या ग्राहकाच्या जागी दुसरा येतो. तालुक्याच्या गावी मात्र एका माणसाचा अपमान त्याच्या साऱ्या गावात पोहोचतो.

सेवकवर्तन

उघड प्रवेशबंदी कमी झाल्यानंतर भेदभाव अनेकदा वागणुकीत उरतो. एका टेबलावर ‘तुम्ही’ आणि शेजारच्या टेबलावर ‘तू’, एकाला पाणी आणून देणे आणि दुसऱ्याला माठाकडे बोट दाखविणे, मळक्या कपड्यांतील माणसाकडून आधी पैसे मागणे, ही त्याची नेहमीची रूपे होत. याउलट वयानुसार काका, मावशी, दादा, ताई असे संबोधन, मागणी लक्षात ठेवणे आणि चूक झाल्यास वाद न घालता पदार्थ बदलून देणे, यांतून आपलेपणा निर्माण होतो. पारसुरामन, झीथमल व बेरी यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या सेवा-गुणवत्तेच्या प्रसिद्ध प्रतिमानात विश्वसनीयता, तत्परता, आश्वासकता, सहानुभूती व दृश्य सुविधा असे पाच घटक आहेत. त्यांतील तत्परता, आश्वासकता व सहानुभूती हे तिन्ही घटक सेवकांच्या वागणुकीवर अवलंबून असतात.

सेवकाचे वर्तन मालक त्याला कसे वागवितो यावरही ठरते. पूर्वी हॉटेलांत टेबल पुसणारा, कपबशा विसळणारा ‘पोऱ्या’ सर्रास दिसे आणि त्याला सर्वांसमोर शिव्या खाव्या लागत. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, हॉटेले व उपाहारगृहे यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे.

कडक नियम आणि निष्ठा

सौजन्य म्हणजे नियमांचा अभाव नव्हे. पुण्यातील चितळे बंधू यांचे दुकान दुपारी १ ते ४ बंद असणे हा विनोदाचा विषय झाला होता. २०१७ मध्ये ही प्रथा बदलण्यात आली. तोपर्यंत ग्राहक वेळ सांभाळून येत राहिले, कारण मालाचा दर्जा खात्रीचा होता आणि बंद दार कोणा एकासाठी नव्हते. पुणेरी पाट्यांबद्दलही असेच म्हणता येते. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की असमाधानी ग्राहकापुढे सोडून जाणे किंवा तक्रार करणे हे दोन मार्ग असतात आणि निष्ठा असेल तर तो आधी तक्रार करतो. म्हणून तक्रार करणारा ग्राहक हा अजून टिकून असलेला ग्राहक होय. अपमानित झालेला बहुधा काही न बोलता निघून जातो.

कायदेशीर चौकट

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे यांतील प्रवेशास कोणालाही मनाई करता येत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून उपाहारगृहात प्रवेश नाकारणे आणि तेथील भांडी वापरू न देणे हे दोन्ही अपराध ठरविले आहेत. त्यामुळे ‘प्रवेशाचे हक्क राखीव’ अशी पाटी लावून या तरतुदी टाळता येत नाहीत.

व्यवस्थेचे नियम करण्याचा मालकाचा अधिकार मात्र मान्य आहे. चित्रपटगृहात बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी ठरविले. त्याच वेळी पिण्याचे शुद्ध पाणी विनामूल्य पुरविले पाहिजे आणि तान्ह्या मुलासाठी पालकांना वाजवी प्रमाणात अन्न आणू दिले पाहिजे, हेही नमूद केले.

कायदा दार उघडून देऊ शकतो. आत आलेल्या माणसाला आदराने बसविण्याची सक्ती तो प्रत्येक टेबलाशी करू शकत नाही. ते काम मालकाचे व सेवकांचे राहते, आणि ग्राहक पुन्हा येतो की नाही यातून त्याची पारख होते.