बाटली ते महामार्ग

लहानपणी भंगारवाला रिकाम्या बाटल्या मोजून घ्यायचा आणि आईच्या हातावर चार नाणी ठेवायचा. इथे अमेरिकेत आपण बाटली रिसायकलिंगच्या डब्यात टाकतो आणि विसरून जातो. परवा मुलीने विचारलं, "बाबा, ही शेवटी कचऱ्यातच जाते ना?" आजची गोष्ट तिच्यासाठी.

१९३७ साली पिट्सबर्ग प्लेट ग्लास आणि कॉर्निंग यांनी मिळून पिट्सबर्ग कॉर्निंग ही कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारं बूच, म्हणजे कॉर्क, मिळेना. तेव्हा या कंपनीने पेनसिल्व्हेनियात पोर्ट अलेगनीला फेसाळ काच, फोमग्लास, बनवायला घेतली. ती पाण्यावर तरंगते, म्हणून तराफ्यांसाठी हवी होती. युद्ध संपलं, पण ही काच कुजत नाही, जळत नाही, म्हणून छपरांत आणि पाइपांभोवती उष्णता अडवायला कामी आली.

टाकाऊ काचेची खडी करायची कृती साधी आहे. काचेची पिठासारखी पूड करायची, त्यात थोडं सिलिकॉन कार्बाइड घालायचं आणि भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं. मऊ काचेत वायूचे बुडबुडे अडकतात आणि ती ढोकळ्यासारखी फुगते. थंड होताना तडकून तिची हलकी खडी होते. रंगीत काचा एकमेकींत मिसळल्या की नव्या बाटलीसाठी नकोशा होतात. या खडीला मात्र रंगाचं वावडं नाही. नॉर्वे, स्वित्झर्लंडमध्ये ती रस्त्यांखाली आधीपासून वापरात होती. पुढे फिलाडेल्फियाजवळ एडीस्टोनला एरो अ‍ॅग्रिगेट्स ही कंपनी ती बनवू लागली.

११ जून २०२३, रविवारची सकाळ. फिलाडेल्फियात आय-९५ च्या पुलाखाली पेट्रोलचा टँकर उलटून पेटला. चालकाचा जीव गेला, पूल कोसळला. नवा पूल बांधायला महिने लागले असते. म्हणून आधी खालची पोकळीच या खडीने भरली, सुमारे २,००० टन! हलकी असल्याने ट्रकच्या खेपा कमी लागल्या. पाऊस आला, तेव्हा रस्ता सुकवायला पोकोनोच्या रेसट्रॅकवरून जेट इंजिनाचं यंत्र आणलं. २३ जूनला सहा मार्गिका सुरू झाल्या.

मुलीला सांगितलं, "बरीचशी काच अजून कचरा डेपोतच जाते, बाळा. पण काही बाटल्यांवरून आपण गाडी चालवलीय."

एमबीएच्या वर्गात मी 'व्हॅल्यू अ‍ॅडिशन' शिकलो. भंगारवाल्याला ते आधीच ठाऊक होतं.